बाबा गेले बर्रला

फुस्सकाकांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं असेल, तर ते टिकल्यांचं पाकीट. समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. दुपारी बेल वाजली, मी दार अर्धवट उघडलं, तर बाहेर पन्नाशी ओलांडलेला एक उंच, सावळा माणूस. मिशी पांढरी, कानावर पेन्सिल, नखांच्या कडेला रंग. "ताई, तुमी मराठी न्हवं? दारावरचं तोरण बगून इच्यारतोय. घरात टिकल्या हायत का? बारक्या." मला वाटलं, गावाहून वहिनी आल्या असतील, बिचारीच्या टिकल्या तिकडेच राहिल्या असतील. तसं विचारलंही. तर म्हणाले, "कशाची वैनी! दुर्बिणीला लावायच्यात."

मी मूळची वाईची. कुवेतमधल्या फहाहीलच्या एका दवाखान्यात रक्त तपासते, नवरा अहमदीला एका कंपनीच्या ऑफिसात असतो, आणि मंगफमधल्या या बिल्डिंगमध्ये आम्हाला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत लोकांनी दारात येऊन साखर मागितली, कढीपत्ता मागितला, जरा प्रेशर बघता का म्हणाले. पण दुर्बिणीला टिकली हवी म्हणणारा हा पहिलाच. माझ्या जिभेला हाड नाही असं सासरचे म्हणतात, ते खरं आहे. "का हो, दुर्बिणीचं लग्न काढलंय की काय?" असं मी त्या परक्या माणसाला तोंडावर विचारलं. त्यावर ते इतके मनापासून हसले की मी अख्खं पाकीट देऊन टाकलं.

बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव 'पेंटर'. फुस्सकाका हे नाव माझ्या मुलीचं, सईचं. समोरच्या बाल्कनीतून दिवसभर फुस्स फुस्स आवाज यायचा, म्हणून फुस्सकाका. आपल्याकडे न उडालेल्या फटाक्याला फुस्स म्हणतात, असं मी तिला दटावून सांगितलं, तर ते काकांनीच ऐकलं आणि खूश झाले. "बरोबर हाय की पोरीचं. दोन वर्सांत उडून परत जाणार म्हणून आलो हुतो, हितंच फुस्स झालो," म्हणाले.

वारणाकाठच्या गावात त्यांची हयात गेली ती उसाच्या ट्रॉल्या रंगवण्यात. धंदा वडिलांचाच. कुवेतला आले ते एका कुवेती गृहस्थाच्या घरचे ड्रायव्हर म्हणून; म्हणजे कागदावर. गाडी त्यांनी इथे कधी चालवली नाही, रंगवल्या मात्र ढिगाने, त्याच गृहस्थाच्या गॅरेजमध्ये. इथे घरकामाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आलेली माणसं मालकाला 'बाबा' म्हणतात आणि मालकिणीला 'मामा'. सईला हे ऐकून हसू आवरेना. "मामा इज अ लेडी?" काकांचीही पहिलं वर्षभर जीभ अडखळायची म्हणे. "आमचं म्हातारं तिकडं जित्तं हाय, आन् हितं मी माझ्याच वयाच्या माणसाला बाबा म्हंतोय, काय म्हणावं ह्येला!" स्वतःच्या वडिलांना ते नेहमी 'आमचं म्हातारं' म्हणायचे. म्हातारं आज जेवलं, म्हातारं आज शेताकडं गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही लगेच दातओठ खाल. रमजानात खजुराचा डबा, ईदला नवे कपडे, काकांना ताप आला तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून आमच्या दवाखान्यात आणलं. शौक एकच, बंदुकीचा. परवान्याची बंदूक, नेमबाजीचा क्लब, वर्षातून एकदा कुठल्याशा देशात जाऊन रीतसर शिकार, आणि हिवाळ्यात वाळवंटात तंबू. त्या बंदुकीवर बसवायची दुर्बीण काळीकुळकुळीत होती. उन्हात चमकते आणि तापते, मला ती वाळूच्या रंगाची हवी, असं बाबाने ठरवलं. गॅरेजात धूळ फार आणि बघणारे डोळेही फार, म्हणून हे काम घरी न्यायचं असा हुकूम झाला. एका काळ्या टणक पेटीत, स्पंजच्या खळग्यात निजलेली ती दुर्बीण मंगफला आली. तिच्यामागून कड्या, बंदूक टेकवायचा दोन पायांचा स्टँड, पट्ट्याची हुकं. बंदूक मात्र काकांनी शेवटपर्यंत पाहिली नाही. "नवरी कशी हाय म्हायती न्हाई ताई, आपल्याकडं नुसतं दागिनं येत्यात," असं ते म्हणायचे.

त्यांच्या फ्लॅटमध्ये चार माणसं राहायची, चौघांचे कपडे, चौघांचा स्वयंपाक. बाल्कनीत काकांनी फ्रिजचा रिकामा खोका आडवा टाकून त्यात रंगवायची जागा केली, मागे एक जुना पंखा लावला, तोंडाला मास्क. पण रंग ओला असताना वाळत कुठे टाकणार? आमची बाल्कनी काचांनी बंद केलेली, धूळ येत नाही. दुसऱ्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मला म्हणाले, "ताई, आजच्या दिस माझी गन तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. आमच्यात कोण ना कोण हात लावतंय." लिफ्टमध्ये सई होती आणि बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आमचा इजिप्शियन राखणदार. त्याला मराठी येत नाही, पण गन हा शब्द कोणाला येत नाही? त्याचा चेहरा पांढरा पडला. काकांच्या लक्षात आलं तसे ते पळत घरात गेले, रंग मारायची ती हातभर नळीची गन आणली आणि त्यात पाणी भरून हारिसच्याच तळहातावर फुस्स केलं. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. पुढे कितीतरी दिवस तो काकांना बघून दोन्ही हात वर करायचा.

आधी गन आली, तिच्यामागून ओलं काम, आणि अशी माझ्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर सईच्या युनिफॉर्मशेजारी बंदुकीची दुर्बीण लोंबकळायला लागली. मी खूप आरडाओरडा केला. पोलीस आले तर काय सांगू, हळदीकुंकवाला बायका आल्या तर काय सांगू! काका खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी डबाभर तिखट शेव आणून ठेवायचे. माझा विरोध शेवेवर विरघळला, हे कबूल करते.

एकदा मी ती काळी पेटी पुसत होते. झाकणाच्या आतल्या अंगाला एक चेनचा कप्पा होता, जरा फुगलेला. ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या असतील, उन्हात टाकाव्यात, म्हणून मी चेनला हात घातला. काका एवढे मऊ बोलणारे, पण एकदम करडे झाले. "उगडू नगा ताई. परक्याची पेटी हाय. त्येनी दुर्बीण दिलीया, कप्पा दिलेला न्हाई." मी हात काढून घेतला. त्या माणसाची रीतच ती. गॅरेजात रंगवायला आलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचं झाकणसुद्धा ते कधी उघडायचे नाहीत.

काम बघण्यासारखं असायचं. आधी स्पिरिटने दुर्बीण पुसायची, बोटांचं तेल राहिलं की रंग धरत नाही. मग पाण्यातल्या पॉलिश पेपरने हळूच घासायची, नुसती चमक मरेपर्यंत. भिंगांना कागदी टेप, तीसुद्धा ब्लेडने गोल कापलेली. आणि स्क्रूच्या तोंडांना, डायलवरच्या बारीक पांढऱ्या खुणांना माझ्या टिकल्या. "टेपचा गोंद मागं चिकाट ठेवतोय. टिकली रोज कपाळावरनं काढता, कधी कातडी सोलली का? मग रंगबी सोलणार न्हाई." हे शास्त्र त्यांचं त्यांनीच शोधलेलं. मग वीतभर अंतरावरून गन फिरवायची, डावीकडून उजवीकडे, वस्तू सुरू व्हायच्या आधी सुरू आणि संपल्यावर बंद. एक हात, वाळू द्यायचं, दुसरा हात. वडिलांनी लहानपणी दिलेला मंत्र ते प्रत्येक वेळी पुटपुटायचे, "हात थांबला की ओघळ."

रंगाचं तर विचारूच नका. बाबाने मोबाइलवर वाळवंटाचा फोटो दाखवून हाच रंग हवा म्हणून सांगितलं होतं. काकांनी चार डबे घेऊन मिश्रण केलं, माझ्याकडे आणून दाखवलं. मी म्हटलं, छान, अगदी वाळू. ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "वाळू कशाची! खालचा हात ज्वारीच्या भाकरीचा हाय आन् वरचे डाग आमच्या गुऱ्हाळातल्या गुळाचे." डागांसाठी ते कांद्याच्या पिशवीची लाल जाळी दुर्बिणीवर ताणून बसवायचे आणि वरून गूळ फवारायचे. जाळी काढली की भाकरीच्या रंगावर गुळाची नक्षी. बाबाने ती उन्हात धरून बघितली आणि म्हणाला, मुमताज, म्हणजे फारच छान, हुबेहूब आमचं वाळवंट! काकांनी मान डोलावली. घरी येऊन माझ्या बाल्कनीच्या काचेला टेकून मनसोक्त हसले, आणि हसता हसता नखाकडेचा गुळाचा रंग पुसायला लागले.

दुसऱ्या खेपेला एक चूक झाली. डायलवरची एक टिकली काढायची राहिली, नेमकी लाल. पेटी बाबाकडे गेली, आणि संध्याकाळी काकांना फोन, हे काय आहे? काका घाबरले. बायकांच्या कपाळाचं आहे म्हणावं तरी पंचाईत. सुचेल त्या अरबीत सांगितलं की आमच्या देशात चांगल्या वस्तूला असा ठिपका लावतात, नजर लागू नये म्हणून. झालं! बाबा असा खूश झाला, की म्हणाला, आता प्रत्येक वस्तूला लाव. मग त्याच्या भावाची दुर्बीण आली, मेव्हण्याची आली, क्लबातल्या मित्रांच्या आल्या. सगळ्यांना भाकरी-गुळाचा रंग आणि एक लाल ठिपका. मी वाईहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टिकल्यांची पाकिटं मागवायची, आणि त्यातली निम्मी कुवेती शिकाऱ्यांच्या नजरा उतरवायला जायची. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. आम्ही हसत होतो आणि काकांच्या पायातली बेडी आवळत चालली होती, हे मला उशिरा कळलं.

कारण काकांना घरी जायचं होतं. दोन वर्षांच्या बोलीवर आलेले, सहावं वर्ष लागलं होतं. मध्ये एकदाच जाऊन आले, त्यालाही चार वर्षं झालेली. बायको मागेच वारली होती, मुलगी लग्न होऊन कऱ्हाडला सुखात होती. गावात उरलं ते म्हातारं. चुलतभावाच्या घरात एका खोलीत, डोळ्यांना कमी दिसणारं, पण रोज सकाळी दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसणारं. "ट्रॉलीचा आवाज आला की इच्यारतंय, कोणी रंगिवलीया, आमच्या पोरानं का?" काकांचा पासपोर्ट, ज्याला इथे जवाज म्हणतात, पहिल्याच दिवशी बाबाने सांभाळायला म्हणून घेतला होता; त्या एका सुट्टीपुरता दिला, आणि परतल्यावर पुन्हा ठेवून घेतला. कायद्याने असं ठेवून घेता येत नाही, हे मला ठाऊक होतं, काकांनाही होतं. "पर भांडून जायाचं न्हाई ताई. पळून गेला अशी तक्रार झाली तर सगळंच मुसळ केरात." म्हणून ते मागत राहायचे. वस्तू नेऊन दिली की हात जोडून, "बाबा, जवाज?" आणि बाबा पाठीवर थाप मारून, "बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. आणि उद्या नवी पेटी यायची.

मी चिडायचे. एक दिवस सरळ म्हटलं, "काका, तुम्ही मूर्ख आहात. इतकं चांगलं काम केल्यावर कोण सोडेल तुम्हाला? एकदा घाण करा. चांगला ठसठशीत ओघळ आणा. चार शिव्या देईल आणि विमानात बसवेल." ते विचारात पडले. त्या दिवशी मला त्यांच्या बाल्कनीच्या दारात बोलावून म्हणाले, "बगा आता, आनतो ओघळ." गन धरली, चाप ओढला, हात एका जागी थांबवायचा होता नुसता. मी दारातून बघतेय. हात काही थांबेना. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आपला चालूच. शेवटी गन खाली ठेवली आणि म्हणाले, "न्हाई जमत ताई. म्हाताऱ्यानं हातावर छड्या मारून घालवलाय त्यो ओघळ. आता बोलवून येत न्हाई." मी कपाळावर हात मारून घरी गेले.

हिवाळ्यात त्यांना जरा मोकळीक मिळायची. थंडी पडली की इथले लोक वाळवंटात तंबू ठोकतात. त्या उघड्या वाळवंटाला ते 'बर्र' म्हणतात. बाबा गुरुवारी बर्रला गेला की आठ-आठ दिवस तिकडेच, मग नवं काम नाही, फोन नाही. गुरुवारी दुपारी माझी ड्यूटी संपून मी घरी आले की काका दारात येऊन वर्दी द्यायचे, "ताई, बाबा गेले बर्रला." आणि मी आतूनच ओरडायची, "बरं झालं!" बर्र आणि बरं. फालतू विनोद आहे, मला मान्य आहे, पण चार हिवाळे आम्ही त्याच्यावर हसलो. सईसुद्धा हसायची. परदेशात माणसाला हसायला फार मोठं कारण लागत नाही.

गेल्या हिवाळ्यातला तो गुरुवार. दुपारची वेळ, मिक्सरवर खोबरं-लसणाची चटणी फिरत होती. दार उघडंच होतं. काका उंबऱ्याशी आले. माझी पाठ होती. मिक्सरच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "ताई, बाबा गेले."

मी मागे वळूनही बघितलं नाही. "बरं झालं!" मी ओरडले. "आता आठ दिवस हातपाय पसरून झोपा निवांत!"

"व्हय," असं काहीतरी म्हणाले ते. मी चटणी डब्यात काढली, मिक्सरचं भांडं विसळलं, ओटा पुसला. मग सई शाळेतून आली आणि दप्तरही न काढता म्हणाली, "आई, फुस्सकाका इज सिटिंग ऑन द स्टेअर्स. आय थिंक ही इज क्रायिंग."

आमच्या आयुष्यात म्हातारं जिवंत होतं तोवर ते 'म्हातारं' होतं. गेलं, त्या क्षणी काकांच्या तोंडात ते 'बाबा' झालं. माणूस मेल्यावर आपण त्याला मान देतो, एवढी साधी गोष्ट, आणि मला ती कळली नाही. मी जिन्यात गेले तेव्हा ते भिंतीला डोकं टेकून बसले होते, मोबाइल मांडीवर उताणा. गावाकडे वडिलांनी सकाळी खुर्चीतच मान टाकली होती, रस्त्याकडे तोंड करून. मी त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "काका, मला मारा, पण मला माफ करा." ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं? मीच पुरतं बोललो न्हाई." मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

बाबाला फोन मीच लावला. अर्धं इंग्रजी, अर्धं अरबी, आणि आवाज चढलेला. काय काय बोलले देव जाणे. तंबू तसाच टाकून तो माणूस दोन तासांत मंगफला आला. त्या चार पुरुषांच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसला, काकांचे दोन्ही हात धरून, डोळे भरून. "हा मला कधी म्हणाला नाही की बाप इतका म्हातारा आहे," असं मला म्हणाला. मी म्हटलं, चार वर्षं हा 'जवाज' म्हणत होता, त्याचा अर्थ तोच होता. उठून म्हणाला, पासपोर्ट बंदुकीच्या कपाटात आहे, आत्ता आणतो. घरी गेला, कपाट उपसलं, घर उपसलं. पासपोर्ट सापडला नाही. इतका जपून ठेवला होता, की कुठे ठेवला तेच त्याला आठवेना.

मग सुरू झाले कागद. हरवल्याची नोंद, अर्ज, फोटो, शिक्के, भाषांतर. बाबा स्वतः गाडी घेऊन काकांना घेऊन फिरत होता, पण कागद आपल्या चालीने चालतात. अग्नी चुलतभावाने दिला; काकांनी तो मोबाइलवर बघितला, माझ्या बाल्कनीत उभं राहून, कारण तिथे रेंज चांगली येते. दहाव्याला न्हाणीघरात स्वतःच डोकं भादरून घेतलं. तेरावा झाला. काका रोज सकाळी बाल्कनीत यायचे, काचेला हात लावून खालच्या रस्त्याकडे बघत उभे राहायचे. ती काच उघडत नाही, धूळ येऊ नये म्हणून आम्हीच ती कायमची बंद करून घेतलेली आहे. जायची मुभा मिळालेली, सोडणारा रडून पाया पडायला तयार, आणि माणूस काचेच्या आत.

त्या दिवसांत त्यांनी एक दुर्बीण पुरी केली. अर्धी रंगवून झालेली, म्हाताऱ्याच्या बातमीआधीची. मी म्हटलं, फेकून द्या ती. "हातातलं काम हाय, सोडू कसं?" दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्टँडवर टांगली. मी जवळ जाऊन बघितलं. भाकरीचा रंग, गुळाची जाळी, लाल टिकली, सगळं जिथल्या तिथे. आणि पोटाच्या बाजूला एक बारीक, लांब ओघळ. त्यांनीही बघितला होता.

तीन आठवड्यांनी प्रवासाचा कागद हातात आला, तिकीट निघालं. आदल्या दिवशी बाबा दुर्बीण न्यायला वर आला. आमच्या बाल्कनीतच त्याची ती पहिली काळी पेटी उघडी ठेवली होती. दुर्बीण स्पंजमध्ये निजवली. मग काकांकडून आठवण म्हणून त्याने एक टिकलीचं पाकीट मागून घेतलं होतं, ते ठेवायला झाकणाच्या आतल्या कप्प्याची चेन ओढली. पाकीट आत जाईना. त्याने बोटं घातली आणि आतून एक निळं पुस्तक बाहेर आलं.

तिघंही बघत राहिलो. चार वर्षं ती पेटी या घरात येत होती, माझ्या स्टँडखाली राहत होती. बाबा मटकन खाली बसला, डोक्याला हात लावून, "वल्ला, वल्ला" अशा देवाच्या शपथा घेत. मला त्याचा संताप यावा की कीव यावी ते कळेना. माझा मात्र सगळा राग काकांवर उसळला. "उघडू नगा म्हणालात! परक्याची पेटी म्हणालात!" मी रडत ओरडत होते. काकांनी पासपोर्ट हातात घेतला, पहिलं पान उघडून स्वतःचाच जुना फोटो बघितला. हरवल्याची नोंद झालेली, आता त्याचा काही उपयोग नव्हता. "माझ्याजवळच हुता की," म्हणाले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी निघताना दारात आले. एक बॅग, कानावर पेन्सिल. उरलेल्या टिकल्या मला परत दिल्या, मोजक्या आठ-दहा. सईच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, काका, त्या दिवसाचं माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "कशाला जाईल? खरंच बोललात तुमी. बाबा गेले, तवाच बाबांनी सोडलं. म्हातारं असतं तर म्हनलं असतं, बरं झालं, माझ्या जाण्यानं का हुईना, पोरगं सुटलं." आणि लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टचं दार बंद होताना त्यांनी हारिससारखे दोन्ही हात वर केले.

आता ते गावाकडे ट्रॉल्या रंगवतात. फोनवर बोलतो आम्ही. माझे वडील वाईला असतात, एकटे, ऐंशी पार. मीही त्यांना बाबाच म्हणते. काका गावी गेल्यानंतरच्या गुरुवारी माझ्या बाबांचा फोन आला, नेहमीसारखा. "या वर्षी येतेस का गं? नाही जमलं तरी चालेल, सईची शाळा, तुझी ड्यूटी. घाई नाही." आणि माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर तयार होतं, बघू बाबा, पुढच्या वर्षी. तीन वर्षं मी हेच म्हणतेय. इथे त्याला बुकरा म्हणतात.

माझा पासपोर्ट कोणी घेतलेला नाही. तो माझ्याच बेडरूममधल्या कपाटात, साड्यांखाली आहे, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मी बाबांना म्हटलं, "फोन ठेवू नका, एक मिनिट थांबा," आणि कपाट उघडायला गेले.